तिसऱ्या क्रॉसचे सतरा ठिपके

गोपिकाविहार, तिसरा क्रॉस, म्हैसूर
४ ऑगस्ट १९९७

ती. लीलक्कास,
वासूचा नमस्कार.

तुमचा सकलेशपूरचा फोन पावसाळा लागला की दसऱ्यापर्यंत मुका होतो, म्हणून पत्र लिहितो आहे. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि या वेळी मला पुष्कळ बोलायचे आहे.

अक्का, आपला तिसरा क्रॉस निळा झाला आहे.

शहराचा नवा विकास आराखडा नगर योजना कचेरीत भिंतीवर टांगला आहे. पिवळा रंग म्हणजे राहती घरे, निळा म्हणजे धंदा, हिरवा म्हणजे बागा. एकतीस वर्षे भूमापन खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून मी हेच रंग भरले, तेव्हा मला कुणी समजावून सांगायला नको. मी भिंग घेऊनच गेलो होतो. दुसरा क्रॉस पिवळा, चौथा क्रॉस पिवळा आणि मधली आपली गल्ली, जिथे माझ्या विशालूने स्वतःच्या हाताने पारिजातक लावला ती, चक्क निळी! चौकशी केल्यावर कळले, की कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणी गृहस्थ मंगल कार्यालय बांधणार आहेत. एका वेळी आठशे माणसांची पंगत. म्हणजे माझ्या फाटकापुढे सोळाशे चपला.

रहिवाशांनी तीस दिवसांत हरकती व सूचना द्यायच्या आहेत. काल गणपतीच्या देवळात सभा झाली. सतरा लोक आले, त्यांतले नऊ प्रसाद संपल्यावर उठले. उरलेल्या आठांनी मला एकमताने सेक्रेटरी केले. (मला धरून आठ. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो.)

पोटाची काळजी करू नकोस. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, शेजारची तुंगम्मा इडल्या विकते त्या तिच्या खिडकीपुढे उभा राहतो. चार इडल्या, चटणी दोनदा. विशालू गेल्याला सहा वर्षे झाली, त्यात एक दिवस खंड नाही. आता काळजी करायची ती क्रॉसची.

तुझा,
वासू

---

सकलेशपूर
११ ऑगस्ट १९९७

चि. वासूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले, अर्धे भिजलेले. सोळाशे चपला तेवढ्या वाचता आल्या. इथे आठ दिवस सूर्य दिसलेला नाही आणि तुझे भावजी त्याचा राग माझ्यावर काढतात.

कार्यालयाविरुद्ध लढ, जरूर लढ. रोज उठून दुसऱ्याच्या लग्नाचा बँड कुणी ऐकायचा? पण तुला सेक्रेटरी केले म्हणजे पुढे काय होणार, हे त्या सात जणांना ठाऊक नाही, मला आहे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा बाबांनी विचारले होते, "न विचारता फणस कुणी कापला?" दुसऱ्या पोराने नुसते नाव सांगितले असते. तू पाटी घेऊन बसलास. कोण कुठे उभे होते, विळी कुणाच्या हातात होती, गरे कुणाकडे किती गेले, सगळे काढून दाखवलेस. आम्हा दोघा भावंडांना, मला आणि सुब्बूला, मार बसला. त्या चित्रात तू तेवढा कुठेच नव्हतास. तुझ्या हनुवटीवरचा चीक मात्र आईने दोन दिवस तेल लावून काढला.

तेव्हा कार्यालय थांबव, पण लोकांच्या घरांत डोकावत बसू नकोस.

आणि या दसऱ्याला तरी विशालू नवरात्रात पायऱ्यांवर मांडायची त्या बाहुल्यांची पेटी उघड. राजा-राणी आणि खालच्या पायरीवर दुकान मांडून बसणारे तिचे ते लाडके शेट्टी-शेट्टम्मा सहा वर्षे अंधारात पडली आहेत. बायको गेली म्हणून बाहुल्यांनी किती दिवस सुतक पाळायचे?

तुझी,
लीलक्का

---

म्हैसूर
२५ ऑगस्ट १९९७

ती. लीलक्कास नमस्कार.

हरकत दाखल झाली! शिक्क्यासकट पोच हातात आहे.

"हा भाग शुद्ध निवासी आहे" असे नुसते म्हणून भागत नाही अक्का, ते सिद्ध करावे लागते. म्हणून तिसऱ्या क्रॉसचा नकाशा काढायला घेतला. एकतीस घरे, प्रत्येक फाटक, प्रत्येक नारळ. अकरा दिवस टेप घेऊन घरोघर फिरलो आणि अक्षरशः हादरलो. शुद्ध निवासी कसले! शकुंतलम्माच्या हॉलमध्ये वीणेचे क्लास. चेन्नबसप्पाच्या व्हरांड्यात विम्याचे टेबल. अकरा नंबरमध्ये ब्लाउज शिवतात, एकवीसमध्ये पत्रिका जुळवतात, सव्वीस नंबरची बाई पुळियोगरेचा, म्हणजे चिंचभाताचा, मसाला करून पार बंगळूरला पाठवते. बाहेरून बघावे तर सगळ्यांच्या दारात रांगोळी.

मी काय करणार? जे दिसले ते काढायचे, ही माझी आयुष्यभराची शिस्त. जिथे जिथे धंदा दिसला तिथे लाल ठिपका दिला. सतरा ठिपके भरले. खाली टीप लिहिली: "वरील सर्व वापर बंद करून क्रॉस पूर्णपणे पिवळा ठेवावा." कार्यालयाला विरोध करायचा आणि घरातल्या दुकानांकडे कानाडोळा करायचा, हे माझ्या तत्त्वात बसत नाही.

अठ्ठावीस सह्या मिळाल्या. शनिवारी देवळात प्रसादाच्या रांगेत कागद फिरवला. एका हातात द्रोण, दुसऱ्या हाताने सही. कुणी वाचत बसले नाही, इतका माझ्यावर विश्वास आहे.

नकाशा तू बघायला हवा होतास. उत्तर दिशेचा बाण असा जमला आहे, की कारकून सिद्धेगौडा चष्मा काढून बघत राहिला.

तुझा,
वासू

---

सकलेशपूर
३१ ऑगस्ट १९९७

चि. वासूस आशीर्वाद.

सतरा? उन्हाळ्यात मी महिनाभर तुझ्याकडे होते. कोण काय करते ते मलाही दिसते, फक्त मी टेप घेऊन हिंडत नाही. काल बोटांवर मोजले, माझे सोळाच भरतात.

सतरावा कुणाचा? तुंगम्माची खिडकी तर नाही ना? उलट टपाली कळव.

सोबत नवीन भाजलेल्या कॉफीची पुडी पाठवते आहे.

लीलक्का

---

म्हैसूर
१४ सप्टेंबर १९९७

ती. लीलक्कास नमस्कार.

कॉफी पोचली. वास फार छान आहे. तू मागच्या पत्रात काहीतरी विचारले होतेस, पण ते पत्र कुठे ठेवले ते सापडत नाही.

इकडे एक चमत्कारिक प्रकार झाला आहे. सतरा घरांना कचेरीतून नोटिसा आल्या आहेत. घरात चालणाऱ्या धंद्याबद्दल पंधरा ऑक्टोबरच्या सुनावणीला येऊन म्हणणे मांडा, नाहीतर धंदा बंद करा. कुणीतरी माहिती पुरवलेली दिसते. हल्लीचे लोक फार बारीक लक्ष ठेवून असतात.

तेव्हापासून क्रॉसमध्ये सगळ्यांचे वागणे बदलले आहे. चेन्नबसप्पा मला बघून रस्ता ओलांडतो, तोही गटाराच्या बाजूला. शकुंतलम्माच्या शिष्या बरोबर माझ्या दुपारच्या झोपेच्या वेळी वीणा जुळवायला बसतात. जुळवतात दीड तास आणि वाजवत काहीच नाहीत. सेक्रेटरी म्हटल्यावर लोक थोडे बिचकून असणारच.

तुंगम्माची खिडकी नऊ दिवस बंद आहे. तिचे गुडघे दुखत असतील. चौकशी करावी असे मनात येते, पण लोकांच्या घरांत डोकावू नकोस असे तूच बजावले आहेस. मी सध्या सकाळी ब्रेड खातो. सात वाजून दहा मिनिटांनीच खातो.

तुझा,
वासू

---

सकलेशपूर
२० सप्टेंबर १९९७

वासू,

आशीर्वाद नंतर देईन, आधी ऐक.

तुंगम्माचे गुडघे ठणठणीत आहेत. तिने मला पत्र लिहिले आहे. तुला नाही, मला. आणि नोटिशीबरोबर आलेल्या नकाशाची प्रतही पाठवली आहे. ती बिचारी विचारते आहे, "अक्का, एवढा सुंदर नकाशा काढून माझ्या वाईटावर कोण टपलं असेल?" तिला खरंच कळलेले नाही, की कळूनही ती मला विचारते आहे, हे तूच ठरव.

मला मात्र पाकीट उघडल्याबरोबर कळले. उत्तरेच्या बाणाच्या टोकाला कमळाची कळी कोण काढतो रे? तिसरीत असताना आपल्या गोठ्याचा नकाशा काढलास, त्यावरही हीच कळी होती.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. तुंगम्माचा नवरा गेला तेव्हा ती भावाकडे हासनला जायला निघाली होती, त्याच्या घरी भांडी घासत राहायला. सामान बांधून झाले होते. तुझी विशालू तिच्या दारात जाऊन बसली आणि म्हणाली, "भांडीच घासायची तर स्वतःची घास." आणि आपल्या माहेरचे इडलीचे मोठे भांडे तिला देऊन आली. तू ऑफिसला गेला होतास. संध्याकाळी भांडे दिसले नाही म्हणून विचारलेस, तर गळते आहे, कल्हईला दिले, असे तुला सांगितले. अकरा वर्षे कल्हई चालली आहे आणि तुला संशयसुद्धा आला नाही. सहा वर्षे तू रोज बायकोच्याच भांड्यातल्या इडल्या खातो आहेस, वासू. त्या खिडकीवर तू लाल ठिपका दिलास. खिडकी बंद राहिली तर तुंगम्माला हासनच आहे, आणि तसे तिने लिहिलेही आहे.

आणखी एक. नकाशा मी नीट पाहिला. तेवीस नंबरच्या घरावर ठिपका नाही. तुझ्याच घरावर! पुढच्या खोलीत फळी मांडून लोकांच्या घरांचे प्लॅन काढून देतोस आणि त्याची फी घेतोस, तो काय वानप्रस्थाश्रम आहे? पाटीवरच्या फणसाच्या वेळी जे झाले तेच. सगळे दिसते तुला. तू तेवढा दिसत नाहीस.

आता काय करायचे ते तू बघ.

लीलक्का

---

म्हैसूर
२६ सप्टेंबर १९९७

ती. लीलक्कास साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र तीनदा वाचले. पत्र सापडत नाही हे मी खोटे लिहिले होते. ते समोरच पडले होते.

ठिपका देताना हात थांबला होता अक्का, खरे सांगतो. मग म्हटले, मी तिथे रोज खातो म्हणून वगळला तर तो पक्षपात होईल. त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आज लाज वाटते.

संध्याकाळी तुंगम्माकडे गेलो. तिने दाराची फक्त वरची फळी उघडली.

मी म्हणालो, "तुंगम्मा, तो नकाशा मी काढला."

ती म्हणाली, "माहितीय सार. अकरा दिवस टेप घेऊन हिंडत होतात. खिडकी मोजताना मीच दुसरं टोक धरलं होतं की. वर कॉफीपण दिली होती."

"मग अक्काला तसं का लिहिलंत?"

"माझं तुम्ही ऐकलं असतंत?"

मी म्हणालो, "मला क्षमा करा."

"करीन की. सुनावणीनंतर. इडल्या नाहीत, जा आता." आणि फळी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी हरकत मागे घ्यायला कचेरीत गेलो. सिद्धेगौडा म्हणाला, एकदा नोंदलेली हरकत मागे घेता येत नाही, फक्त भर घालता येते. मी तिथेच उभ्याउभ्या तेवीस नंबरच्या घरावर अठरावा ठिपका दिला. तो चष्मा काढून बघत राहिला, पण या वेळी बाणाकडे नाही, माझ्याकडे.

त्यातून नवीनच संकट उभे राहिले. ठिपका वाढला म्हणून वरच्या अधिकारी हेमलता मॅडम स्वतः जागेवर येऊन पाहणी करणार आहेत. सोमवारी, सहा ऑक्टोबरला, सकाळी. घरोघर जाऊन धंदे बघणार आणि त्यावर शेरा मारणार. माझ्याशी क्रॉसमध्ये कुणी बोलत नाही, सूचना द्यायची तरी कुणाला? नवरात्र तोंडावर आले आहे. काय करू?

तुझा,
वासू

---

सकलेशपूर
२९ सप्टेंबर १९९७

चि. वासूस आशीर्वाद.

बाई आहे, नवरात्रात येते आहे, म्हैसूरच्या गल्लीत येते आहे, आणि तू मला विचारतोस काय करू?

पेटी उघड. बाहुल्या मांड. फाटकावर पाटी लाव, "बाहुल्या बघायला या." ज्याने बाहुल्या मांडल्या त्याच्याकडे जायची नाही, अशी बाई तुमच्या क्रॉसमध्ये अजून जन्मलेली नाही. भांडण असले तरी येतील. नुसत्या नावे ठेवायला का होईना, येतील. आल्या की तू मान खाली घालून सांग. एवढे एकच काम तुला करायचे आहे. बाकीचे त्या बघतील.

पायऱ्या विषम संख्येच्या लागतात. सात मांड. शेट्टी-शेट्टम्मा सगळ्यांत खाली, पुढे. त्यांच्यापुढे तांदूळ, डाळ, गूळ छोट्या वाट्यांत. कोपरे मोजत बसू नकोस.

लीलक्का

---

म्हैसूर
८ ऑक्टोबर १९९७

ती. लीलक्कास नमस्कार.

परवा जे झाले ते सांगायला हात शिवशिवतो आहे, पण क्रमाने सांगतो.

गुरुवारी पेटी उघडली. राजा-राणी विशालूच्या जुन्या हिरव्या साडीत गुंडाळलेली होती. वेखंडाचा वास आला आणि मी थोडा वेळ पेटीपाशीच बसून राहिलो. खूप रडलो अक्का, सहा वर्षांचे राहिले होते. मग पायऱ्या मांडल्या. (कोपरे मोजले. क्षमस्व.)

संध्याकाळी पहिली शकुंतलम्मा आली. दारातून म्हणाली, "मी विशालाक्षीच्या बाहुल्या बघायला आलेय. तुम्हाला नाही." पाच मिनिटे बघितले. मग, "राणीला डावीकडे बसवतात हो, एवढंही कळत नाही?" म्हणत स्वतःच जागा बदलली, निरांजन लावले आणि आरती म्हटली. शुक्रवारपर्यंत अकरा जणी येऊन गेल्या. प्रत्येकीला मी नकाशाचे सांगितले आणि सोमवारच्या पाहणीचे सांगितले. प्रत्येकीने आधी मला बोलून घेतले. पुळियोगरेवाली सर्वांत जास्त वेळ बोलली. तिचे शब्द लिहीत नाही, भावजी पत्र वाचतात.

सोमवारी साडेनऊला हेमलता मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायांत साधे सँडल, हातात फाइल, मागे सिद्धेगौडा. पहिल्याच फाटकात शकुंतलम्मा कुंकवाची कोयरी घेऊन उभी.

"अहो, मी सरकारी कामाला आलेय," मॅडम म्हणाल्या.

"काम पळून जातंय का? नवरात्रात सवाष्ण दारातून परत पाठवू? या आत."

आत बाहुल्या, कुंकू, विड्याची पाने आणि हरभऱ्याची उसळ. दुसऱ्या घरी बाहुल्या, कुंकू आणि मुगाची उसळ. तिसऱ्या घरी चवळी. पाचव्या घरापर्यंत फाइल सिद्धेगौडाकडे गेली होती, कारण मॅडमच्या दोन्ही हातांत उसळीच्या पुड्या होत्या. पण बाई हुशार. बाहुल्यांचे कौतुक करता करता वीणा बघितली, शिलाईचे मशीन बघितले, मसाल्याचा वास घेतला. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला, "इथं राहतं कोण, आणि हे चालवतं कोण?" प्रत्येक घरी एकच उत्तर मिळाले, "मीच की."

माझ्याकडे आल्या तेव्हा बाहुल्यांशेजारीच माझी फळी होती. म्हणाल्या, "म्हणजे अठरावे तुम्ही."

मी म्हणालो, "हो. खरं म्हणजे पहिला मीच."

शेवटी तुंगम्माचे घर. खिडकी बंद होती, तिला टेकूनच तिने पायऱ्या मांडल्या होत्या. पाचच पायऱ्या, बाहुल्या जुन्या, राणीचे नाक उडालेले. तोवर आमच्यामागे निम्मा क्रॉस जमला होता. मॅडम खाली वाकल्या आणि शेट्टी-शेट्टम्माकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "अठरा घरं फिरले. वरती राजाराणी घरोघर वेगळी आहेत. पण हा ढेरपोट्या बायकोला घेऊन सगळीकडे पहिल्या पायरीवर दुकान मांडून बसलाय. याला परवानगी कुणी दिली?"

सगळे हसले. तुंगम्मा नाही हसली. ती म्हणाली, "त्याला उठवलं तर वरची राजाराणी खाणार काय, अम्मा?"

मॅडम खाली बसल्या. तुंगम्माने त्यांना वाटाण्याची उसळ वाढली, मोठ्या भांड्यातून. भांड्याच्या काठावर नाव कोरलेले होते. अकरा वर्षांच्या घासण्याने बुजत आलेले, पण वाचता येत होते. विशालाक्षी. मला कुणी उसळ वाढली नाही, आणि मी मागितलीही नाही.

सुनावणी पंधराला आहे.

तुझा,
वासू

---

सकलेशपूर
१२ ऑक्टोबर १९९७

चि. वासूस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र भावजींनी मोठ्याने वाचले. पुळियोगरेवालीचे शब्द गाळलेस म्हणून ते तुझ्यावर नाराज आहेत.

सुनावणीला लांबलचक भाषण करू नकोस. नवा नकाशा तर मुळीच नेऊ नकोस.

तुंगम्मा बोलली का तुझ्याशी?

लीलक्का

---

म्हैसूर
२४ नोव्हेंबर १९९७

ती. लीलक्कास नमस्कार.

निकाल लागेपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते. रागावू नकोस.

सुनावणीला एकतीसच्या एकतीस घरे आली. मंगल कार्यालयवाले गृहस्थ वकील घेऊन आले होते. वकील म्हणाला, "हे लोक स्वतः घराघरांत धंदे करतात आणि आमच्या धंद्याला विरोध करतात." माझाच नकाशा त्याने टेबलावर पसरला. मी उठून फक्त एवढे म्हणालो, की या नकाशात एक चूक आहे. यात धंदा दिसतो, पण त्याच घरात कोण राहते ते दिसत नाही. आणि कार्यालयाच्या प्लॉटवर कुणीच राहणार नाही. एक मिनिट बारा सेकंद. तुझी आज्ञा पाळली.

शनिवारी आदेश आला. तिसरा क्रॉस पिवळा! कार्यालय बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गेले. घरात राहणाऱ्याने स्वतः, एका खोलीपुरता, पाटी न लावता धंदा केला तर चालेल. रस्त्यावर उघडणारी खिडकी असेल तर ती तीन फुटांपेक्षा रुंद नको. तसे मोजून सेक्रेटरीने लिहून द्यायचे आहे.

मी टेप घेऊन तुंगम्माकडे गेलो. खिडकी तीन फूट चार इंच भरली. पुन्हा मोजली. तीन फूट चार इंच. ऑगस्टमध्येही तेवढीच होती, पण तेव्हा मी तिच्याकडे खिडकी म्हणून बघितलेच नव्हते.

तुंगम्मा आतून म्हणाली, "तीन लिहा की सार. खिडकी काय साक्ष द्यायला जाणारेय?"

खरंच लिहावे असे वाटले. पेन टेकवले. हात पुढे सरकेना. बासष्टाव्या वर्षी नवीन सवय लागत नाही अक्का.

"दोन तास द्या," म्हणालो आणि घरी आलो. माझी सागवानी ड्रॉइंगची फळी तुला माहीत आहे, भूमापन खात्याने निरोपाच्या वेळी दिलेली. ती करवतीने कापली. चार इंच रुंदीची पट्टी निघाली. ती तिच्या खिडकीच्या डाव्या अंगाला ठोकली आणि पुन्हा मोजले. बरोबर तीन फूट. लिहून सही केली. पट्टीला खाली एक छोटे फळकूट जोडले आणि त्यावर विशालूचे शेट्टी-शेट्टम्मा बसवले. नाहीतरी ती दोघे वर्षातले दहाच दिवस दुकान उघडत होती.

माझी फळी आता आखूड झाली आहे. पूर्ण क्रॉसचा नकाशा तिच्यावर मावणार नाही. ही बातमी गल्लीत कशी पसरली कोण जाणे, पण काल चेन्नबसप्पाने रस्ता ओलांडून माझ्याकडे येऊन हात मिळवला.

काल सात वाजून दहा मिनिटांनी खिडकीपुढे उभा राहिलो. तुंगम्माने एक इडली दिली. चटणी नाही. मी म्हणालो, "तुंगम्मा, नेहमीच्या चार?"

ती म्हणाली, "तीन नकाशात दिसत नाहीत, सार."

मागे रांगेत सगळे इतके हसले, की शेट्टम्मा पडता पडता वाचली. मी ती एक इडली तिथेच उभा राहून खाल्ली. अक्का, मी नोकरीत असताना विशालू डब्यात द्यायची तीच चव होती, आणि मला ती इतकी वर्षे ओळखता आली नव्हती. डोळ्यांत पाणी आले. तुंगम्माने बघितले आणि पुढच्या माणसाला वाढायला लागली.

आज चार मिळाल्या. चटणी एकदाच.

तुझा,
वासू